सुल्तानाला तुर्की येतं का?

स्पेनच्या किनाऱ्यावरच्या आमच्या एल सालादार गावात पाण्यात काम करणाऱ्या कुत्र्याला कुणी कुत्रा म्हणत नाही, तुर्क म्हणतात. ‘आमचा तुर्क आजारी आहे’, ‘तुमच्या तुर्काने माझा बूट पळवला’, असंच सगळं बोलणं. अंगभर मेंढीसारखे कुरळे केस, डोळ्यांवर झुलपं, आणि वर्षभर कात्री लावली नाही तर केसांच्या जटा होतात. मे महिन्यात मेंढ्या कातरायला घेतल्या की तुर्कही कातरायचे, आणि ते काम माझं. मी माकारिओ, गावचा न्हावी. खरं सांगायचं तर गिऱ्हाईक म्हणून माणसांपेक्षा तुर्क बरे. खुर्चीत बसून तोंडाचा पट्टा चालवत नाहीत.

आता या कुत्र्याला तुर्क का म्हणतात, यावरून आमच्याकडे जी भांडणं झाली त्यातलं सगळ्यात मोठं भांडण क्रिस्पीन आणि ओब्दुलियाचं.

क्रिस्पीन हा धक्क्यावरचा दोरवाला. होडी असो की जहाज, खलाशी दोराचं टोक पाण्यात टाकायचे, क्रिस्पीनची कुत्री सुल्ताना उडी मारून ते टोक तोंडात धरून आणायची आणि क्रिस्पीन ते खुंट्याला अडकवायचा. काम सगळं सुल्ताना करायची, पण संध्याकाळी कंबर धरून बसायचा तो क्रिस्पीन.

ओब्दुलिया ही त्याची मेहुणी. क्रिस्पीनची बायको वारली, ओब्दुलियाचा नवराही गेला, आणि दोघांचं दुपारचं जेवण मात्र ओब्दुलियाच्या खानावळीत एकाच टेबलावर व्हायचं, भांडता भांडता. तिच्याकडे सुल्तानाचा सख्खा भाऊ होता, एकाच विणीतला. त्याचं नाव तिने मुद्दाम पेलायो ठेवलं होतं, आफ्रिकेतून आलेल्या मूरांना डोंगरातून पिटाळून लावणाऱ्या आपल्या जुन्या राजाचं.

क्रिस्पीनचं म्हणणं असं, की हा कुत्रा तुर्कस्तानचा. त्याच्या खापरपणजोबांच्या वेळी एक तुर्की गलबत आमच्या किनाऱ्यावर फुटलं, आणि एकच जीव पोहत बाहेर आला, तो म्हणजे सुल्तानाची खापरपणजी. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. आधी त्या कुत्रीच्या तोंडात नुसती फळी होती. मग फळीची पेटी झाली. पुढे पेटीवर कप्तानाचं बाळ आलं. शेवटी शेवटी तर कुत्रीच्या डोक्यावर पागोटंसुद्धा होतं.

“पागोटं ओलं झालं नाही का हो दाजी?” ओब्दुलिया विचारायची.

“रेशमी होतं,” क्रिस्पीन म्हणायचा.

ओब्दुलियाचं मत एकदम उलट. “हा कुत्रा इथलाच. आधी हा कुत्रा होता, मग समुद्र आला, मग माणसं आली, आणि सगळ्यात शेवटी दाजी आले. येऊन बघतात तर कुत्रा बसलेला.”

या दोघांच्या मध्ये तेओफिलो मास्तर. शाळेत शिकवून जे उरायचं ते खानावळीत शिकवायचे. मास्तरांच्या मते मेंढ्यांच्या व्यापाऱ्यांनी हे कुत्रे जहाजातून आणले असावेत, किंवा मूरांनी आणले असावेत, किंवा त्याही आधी कुणीतरी आणले असावेत. “शक्यता तीन आहेत,” असं म्हणून ते वाईनचा पेला उचलायचे आणि त्या तिनांतली खरी कुठली, ते कधीच सांगायचे नाहीत.

हे असंच चालायचं, पण एका ऑक्टोबरात ओब्दुलियाचा पारा चढला. क्रिस्पीनने भर खानावळीत जाहीर केलं की सुल्तानाला तुर्की भाषा समजते. “रक्तात असते भाषा. ऐकायला मिळाली की उमलते.”

“दाजी, तिला आपली भाषा धड समजत नाही. काल ‘बस’ म्हटलं तर ती माझ्या भांड्यातली मांदेली खाऊन गेली.”

“कारण ती तिची भाषाच नाही!”

मग पैज लागली. सुल्तानाला तुर्की येतं असं निघालं, तर पेलायोचं नाव क्रिस्पीन सांगेल ते, म्हणजे तुर्की. नाही निघालं, तर सुल्तानाचं नाव ओब्दुलिया सांगेल ते. मास्तर पंच. आता अडचण एवढीच होती की गावात तुर्की बोलणारं कुणी नव्हतं. मास्तरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की त्यांना तुर्कीतला फक्त ‘कॉफी’ हा शब्द माहीत आहे, आणि तोही बहुधा दुसऱ्या कुणाचा असावा.

आणि त्याच आठवड्यात, इंजिन बिघडलं म्हणून, ‘बेरेकेत’ नावाचं तुर्की मालवाहू जहाज आमच्या धक्क्याला लागलं.

मी दुकानाच्या दारात उभा होतो. सुल्ताना दोर घेऊन आली, क्रिस्पीनने तो खुंट्याला टाकला, आणि वर निशाणावरचा चांद दिसल्याबरोबर टोपी काढून तिथेच गुडघ्यांवर बसला. डेकवर काळ्या तोंडाचा एक दांडगा कुत्रा उभा राहून भुंकत होता.

“ऐकलंस?” क्रिस्पीन सुल्तानाला म्हणाला. “तुझ्या माहेरची माणसं आली.”

थोड्या वेळाने जहाजावरचा आचारी उतरला. शेवकेत त्याचं नाव. गोलमटोल माणूस, मिशा झुबकेदार. आला होता कांदे घ्यायला, पण माझं दुकान दिसल्यावर गालावरून हात फिरवत आत शिरला. आपली भाषा त्याला बंदरांत लागते तेवढी येत होती: कांदा, केवढ्याला, उद्या, धन्यवाद आणि एक शिवी, जिचा अर्थ तो ‘सुप्रभात’ असा समजत होता. ती शिवी त्याने मला इतक्या प्रेमाने घातली की मीही त्याला तीच परत घातली.

मी फेस लावला, उजवा गाल केला, आणि डाव्या गालावर वस्तरा टेकवणार तोच क्रिस्पीन दार उघडून आत. “तुर्क!” तो ओरडला. “माकारिओ, हा बोलता तुर्क आहे!”

“अरे, अर्धा झालाय फक्त.”

“अर्धा पुरे!” म्हणत त्याने शेवकेतला खुर्चीतून उठवलं आणि दंडाला धरून बाहेर नेलं. गळ्याला माझा टॉवेल, अर्ध्या तोंडाला फेस. टॉवेल माझा असल्यामुळे मी मागोमाग पळालो, आणि वस्तरा ठेवायचं मला सुचलंच नाही. खानावळीतून ओब्दुलिया, मास्तर आणि आणखी दहा-पंधरा मंडळी धावली. बिचाऱ्या शेवकेतने मागे वळून पाहिलं, तर अख्खं गाव धावत येतंय आणि सगळ्यांच्या पुढे उघडा वस्तरा घेऊन मी! त्याने जी धूम ठोकली म्हणता, की शेवटी क्रिस्पीनने त्याला धरलं नव्हतं, क्रिस्पीन त्याच्या दंडाला लोंबकळत चालला होता.

धक्क्याच्या टोकाला पुढे समुद्र आल्यामुळे तो थांबला. ओब्दुलियाने माझ्या हातून वस्तरा काढून घेतला, शेवकेतच्या हातात मांदेलीची बशी दिली, आणि त्याच्या तोंडावर रंग परत आला.

मग क्रिस्पीनने सुल्तानाला पुढे आणून बसवलं. ती काही बसली नाही, आडवी झाली. “बोला,” क्रिस्पीन शेवकेतला म्हणाला, “तुर्की. तिच्याशी.” आणि तोंडापुढे हात उघडून मिटून दाखवलं.

शेवकेतला वाटलं कुत्रीला भूक लागलीय. त्याने एक मांदेली दिली. सुल्तानाने ती खाल्ली.

“हे तुर्की नव्हे, ही मांदेली!” ओब्दुलिया ओरडली. “मास्तर, हे धरायचं नाही!”

मास्तरांनी धरलं नाही. पुन्हा खाणाखुणा झाल्या. क्रिस्पीन स्वतः चार पायांवर उतरला, आला, बसला, उठला, गेला आणि प्रत्येक वेळी शेवकेतकडे बोट करून दाखवलं, की हे तुमच्याकडे कसं सांगतात? शेवकेत बराच वेळ एका म्हाताऱ्या माणसाला धक्क्यावर रांगताना पाहत राहिला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने बशी खाली ठेवली, मिशांवरचा फेस पुसला आणि सुल्तानाकडे बघून अगदी गोड आवाजात म्हणाला, “गेल.” म्हणजे ये.

सुल्तानाने कान खाजवला.

“ओतुर.” म्हणजे बस. सुल्तानाने दुसरा कान खाजवला.

“हं!” क्रिस्पीन म्हणाला. “दोन शब्द, दोन कान. म्हणजे ऐकतेय.”

“गित,” शेवकेत म्हणाला. म्हणजे जा. सुल्ताना घोरायला लागली.

ओब्दुलियाने पदरासारखा आपला एप्रन कंबरेला खोचला आणि विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. आणि नेमका तेव्हाच पेलायो तिच्या मागून पुढे आला.

शेवकेत कंटाळून त्याला म्हणाला, “ओतुर.”

पेलायो बसला.

“कालक,” शेवकेत म्हणाला. पेलायो उठला. “गित.” पेलायो खुंट्यापर्यंत गेला. “गेल.” पेलायो शेपूट हलवत परत आला आणि शेवकेतच्या पायाशी बसून पुढच्या हुकुमाची वाट पाहू लागला.

“तुर्क निघाला!” मागून कुणीतरी ओरडलं. “ओब्दुलियाचा पेलायो तुर्क निघाला!”

ओब्दुलियाचा चेहरा उकडलेल्या कोळंबीसारखा लाल. “गप बसा रे! तो हुशार आहे. हुशार असणं म्हणजे तुर्क असणं नव्हे.”

“भाऊ तुर्क म्हणजे बहीण तुर्क,” क्रिस्पीन नाचत म्हणाला. “एका आईची पोरं! मास्तर, निकाल द्या!”

“पण पैज सुल्तानाच्या तुर्कीवर होती, पेलायोच्या नव्हे,” मास्तर म्हणाले. “तेव्हा शक्यता तीन आहेत...”

तेवढ्यात गावचे पाद्रीबाबा गर्दी कसली म्हणून बघायला आले. प्रकार कळल्यावर त्यांनी हनुवटी खाजवली आणि पेलायोला लॅटिनमध्ये आशीर्वाद दिला. पेलायो बसला. पाद्रीबाबांनी आमेन म्हटलं, पेलायो उठला.

“म्हणजे हा रोमचा,” मास्तर हळूच म्हणाले.

मग मलाही राहवेना. मी पुढे होऊन जोरात म्हणालो, “बटाटा!” पेलायो बसला. कोळणी पुढे आल्या. एकीने त्याला माशांचे भाव ऐकवले, दुसरीने नवऱ्याला घालते तशी हाक घातली. पेलायो बसला, उठला, गेला, आला. खानावळीत वाढलेला प्राणी तो. समोरचा माणूस मोठ्याने काही बोलला आणि त्याने हात हलवला, की काहीतरी खायला मिळतं, हे त्याला दूध सुटायच्या आत कळलेलं होतं. शेवटी शेवकेतही इतका हसला की त्याच्या गालावरचा वाळलेला फेस टवके उडून पडला.

निकाल मास्तरांनी पुढे ढकलला. शेवकेतचा डावा गाल मी संध्याकाळी केला.

जहाजाचं इंजिन काही लवकर सुधारेना. कुठलासा सुटा भाग मालागाहून यायचा होता. तोवर शेवकेत रोज खानावळीत यायचा. वांगी घेऊन तो ओब्दुलियाच्या स्वयंपाकघरात शिरला की क्रिस्पीनही पाठोपाठ दाराशी खुर्ची टाकायचा. म्हणायला तुर्की शिकण्यासाठी. पण मी न्हावी आहे, मला माणसाच्या मानेवरून कळतं. तो शब्द ऐकत नव्हता, वांग्यांवर किती हसणं चाललंय ते मोजत होता.

“दाजी, दारातून हला, उजेड अडतोय.”

“मी शिकतोय.”

“मग वांगं चिरायला शिका.”

सकाळी मात्र तो धक्क्यावर सुल्तानासमोर उभा राहून ‘गेल, गेल’ म्हणत बसायचा. सुल्ताना त्याच्याकडे अशी पाहायची, की याला ऊन लागलं असावं. आणि एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. दुपारची जेवणं झाली की सुल्ताना स्वतःहून पाण्यात उडी मारायची, पोहत जहाजाच्या पलीकडच्या बाजूला जायची, शिडीवरून वर चढायची आणि दिवे लागायच्या वेळी परत यायची.

“रक्ताची ओढ,” क्रिस्पीनचे डोळे भरून यायचे. “मायभूमीचा वास घ्यायला जाते.”

शेवकेतला खरा प्रकार ठाऊक होता आणि त्याने तो सांगायचा मनापासून प्रयत्न केला. डेकवरच्या काळतोंड्या कुत्र्याचं नाव काराबाश. शेवकेत म्हणायचा, “सुल्ताना, काराबाश,” आणि दोन बोटं एकमेकांना चिकटवून दाखवायचा.

“बरोबर!” क्रिस्पीन त्याला मिठी मारायचा. “तुर्कस्तान आणि स्पेन! भाऊ भाऊ!”

“नो भाऊ,” शेवकेत म्हणायचा. “काराबाश... सुल्ताना...” आणि लाजून कांदे चिरायला लागायचा.

एके दिवशी सकाळी जहाजाचं इंजिन धडधडलं. शेवकेतने खानावळीत सगळ्यांच्या गालांचे मुके घेतले, ओब्दुलियाने त्याला डबाभर मांदेली दिली, माझ्या दुकानाशी थांबून त्याने मला प्रेमाने ‘सुप्रभात’ घातलं, आणि ‘बेरेकेत’ सुटलं. दोर सोडून क्रिस्पीन वळला तर सुल्ताना जागेवर नाही. बुरुडाच्या टोपल्यांमागे नाही, जाळ्यांच्या ढिगात नाही.

“दाजी,” ओब्दुलियाने समुद्राकडे बोट केलं.

जहाजाच्या मागच्या कठड्याशी, काराबाशच्या शेजारी, झुलपं वाऱ्यावर उडवत सुल्ताना उभी होती. एखादी बाई उन्हाळ्यात बहिणीकडे राहायला निघावी तशी निवांत.

क्रिस्पीन मटकन खुंट्यावर बसला. “गेली,” तो म्हणाला. “आपल्या माणसांत गेली. मी कोण तिला अडवणार?”

“तुम्ही तिला दूध पाजलेला माणूस आहात!” ओब्दुलिया कडाडली. “उठा!”

ओब्दुलियाच्या नवऱ्याची मोटरहोडी अजून धक्क्याला असायची. ती तिने स्वतः सुरू केली. क्रिस्पीनला मी ढकललं, मला मास्तरांनी ढकललं, पेलायो न विचारता बसला, आणि मास्तर म्हणाले की पंच म्हणून त्यांनी किनाऱ्यावर थांबणंच योग्य.

होडी लाटांवर आपटत निघाली. जहाज अजून जोरात नव्हतं. बाहेरच्या दीपस्तंभाजवळ आम्ही त्याला गाठलं. ओब्दुलियाने होडी त्याच्या मागे धरली. क्रिस्पीन पुढे उभा राहिला आणि त्याला येत असलेली सगळी तुर्की त्याने एका दमात ओतली. “गेल! सुल्ताना, गेल! गेल!” मग गोंधळून, “गित! ओतुर!”

पेलायो बसला.

वर कठड्याशी शेवकेत आला. त्याने आम्हाला पाहिलं, सुल्तानाला पाहिलं, कपाळावर हात मारला आणि कप्तानाकडे पळाला. पण जहाज म्हणजे काही हातगाडी नव्हे, की धरली आणि थांबली.

“ती ऐकत नाहीये,” क्रिस्पीन रडवेला झाला. “माझे उच्चार चुकतात.” तो पुढे आणखी वाकला, एक पाय काठावर ठेवला, तोच होडीला आडवी लाट लागली, आणि आमचा दोरवाला टोपीसकट समुद्रात.

आता एक गोष्ट सांगायला हवी. जन्म सगळा धक्क्यावर काढलेल्या या माणसाला पोहता येत नव्हतं. पोहायचं सगळं काम आधीपासून कुत्र्यांकडेच, त्यामुळे कधी गरज पडली नव्हती.

तो वर आला आणि ओरडला, “मेलो गं आई!” आणि पुन्हा खाली गेला.

दीपस्तंभापर्यंत ऐकू गेलं असेल. आणि जहाजाच्या कठड्यावरून एक कुरळा गोळा हवेत उडाला. तेवढ्या उंचीवरून मी उडी मारली नसती, आणि माझ्या ओळखीच्या कुणीही मारली नसती. सुल्ताना पाण्यात शिरली, बाहेर आली, डोक्यावरचे केस डोळ्यांवर चिकटलेले, आणि सरळ क्रिस्पीनकडे निघाली. तो तिसऱ्यांदा वर आला तेव्हा तिने त्याची कॉलर पकडली.

“माकारिओ, दोर!” ओब्दुलिया म्हणाली. मी दोर टाकला. माझा नेम म्हणजे आनंदीआनंद; दोर भलतीकडेच पडला. तेव्हा पेलायोने उडी मारली, त्याचं टोक तोंडात धरलं आणि बहिणीकडे नेलं. मी त्याला काही म्हटलं नव्हतं, हातही हलवला नव्हता. क्रिस्पीनने दोराला मिठी मारली आणि आम्ही ओढलं. शेवटी ओब्दुलियाने त्याला पाटलोणीला धरून आत घेतलं, पोत्यासारखं आपटलं आणि पाठीवर असे रट्टे घातले, की निम्मे पाणी काढायला होते आणि निम्मे रागाचे.

“पोहता येत नाही तर उभं कशाला राहायचं? हं? मला मेलेला दाजी नकोय! एकटीने भांडू कुणाशी मी?”

क्रिस्पीनने पाण्याची गुळणी टाकली. दोन्ही कुत्र्यांनी अंग झाडून आम्हाला परत आंघोळ घातली. वर जहाजावर सगळे खलाशी टाळ्या वाजवत होते आणि काराबाश विव्हळत होता.

“आली ना,” क्रिस्पीन खोकत म्हणाला. “शेवटी ‘गेल’ म्हटल्यावर आली ना?”

ओब्दुलियाने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ओठ हसू दाबत होते. “दाजी, तुम्ही ‘गेल’ म्हटलं तेव्हा ती जांभई देत होती. ‘मेलो गं आई’ म्हणालात तेव्हा उडी मारली. शुद्ध आपल्या बोलीत.”

क्रिस्पीनने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. काय करणार, ऐकलं होतं मी.

त्या संध्याकाळी मास्तरांनी खानावळीत निकाल दिला, ओब्दुलिया जिंकली. तिने सुल्तानाचं नाव कोवादोंगा ठेवलं, पेलायो राजाने जिथे लढाई मारली त्या जागेचं. क्रिस्पीनने ते मान्य केलं. माणूस शब्दाचा पक्का. दुसऱ्या दिवसापासून तो धक्क्यावर छाती भरून “कोवादोंगा!” अशी हाक मारायचा, कुत्री ढिम्म हलायची नाही, आणि मग तो खाली वाकून बूट बांधल्यासारखं करत कुजबुजायचा, “सुल्ताना, ये बाळा.”

नाताळच्या थोडं आधी कोवादोंगाला पिल्लं झाली. मीच गेलो होतो मदतीला. पहिलं पिल्लू बाहेर आलं, तुळतुळीत केस आणि काळं तोंड. दुसरं तसंच. तिसरं तसंच. चौथं तेवढं कुरळं.

क्रिस्पीनने एकेका पिल्लाचं तोंड उजेडाकडे वळवून पाहिलं. मग त्याने हळूच दोन बोटं एकमेकांना चिकटवली. “अरे,” तो म्हणाला, “तो हे सांगत होता होय!”

आणि दुसऱ्या क्षणाला टोपलीत पिल्लं घालून तो खानावळीकडे धावला. “बोला आता! बाप तुर्कस्तानचा! कागद नको, पुरावा नको, तोंड बघा! आता एल सालादारमध्ये खरेखुरे तुर्क आहेत!”

“आई इथलीच आहे,” ओब्दुलिया म्हणाली, पण टोपली तिने आधीच मांडीवर घेतली होती.

गंमत अशी की ते तीन तुळतुळीत खरेखुरे तुर्क पाण्याला जाम घाबरायचे. पाऊस पडला की खानावळीच्या टेबलाखाली. रस्त्यात डबकं आलं की बसून रडायचे, आणि क्रिस्पीन एकेकाला उचलून पलीकडे ठेवायचा. गावाने त्यांना ‘क्रिस्पीनची नौसेना’ असं नाव दिलं. कुरळं पिल्लू मात्र डोळे उघडल्याबरोबर कपडे धुवायच्या टबात सापडलं.

पुढच्या उन्हाळ्यात ‘बेरेकेत’ परत आलं, या वेळी इंजिन धड असताना. शेवकेतने मुद्दाम कप्तानाची मनधरणी केली होती म्हणे. क्रिस्पीनने त्याला कुरळं पिल्लू दिलं. देताना तो इतका गंभीर होता, की जणू पोर सासरी धाडतोय. “याच्या खापरपणजीला पागोटं होतं, सांग तिकडे,” तो म्हणाला. शेवकेतला काही कळलं नाही, पण त्याने छातीवर हात ठेवला.

त्यानंतर वर्षभराने शेवकेत पुन्हा आला, तोवर त्याला आपली भाषा बऱ्यापैकी यायला लागली होती. मला ‘सुप्रभात’ म्हणताना तो आता लाजायचा. खानावळीत सगळे जमलो. कुत्रा मजेत आहे, इझमीरच्या बंदरात दोर ओढतो, मुलं त्याला बघायला येतात, असं सगळं त्याने सांगितलं.

“आणि त्याला हाक काय मारतात?” क्रिस्पीन पुढे सरसावला. “तुर्कच म्हणत असतील ना? आपल्याच गावात आला म्हटल्यावर?”

शेवकेतने वांग्याचा घास गिळला. “नाही, नाही. तिकडे असा कुत्रा कुणी बघितलेलाच नाही. तिकडे त्याला म्हणतात इस्पान्योल.” म्हणजे स्पेनचा.

ओब्दुलियाने तोंडावर एप्रन दाबला, पण उपयोग झाला नाही. ती हसली ती भिंतीला टेकून, मग खुर्चीत, मग डोकं टेबलावर ठेवून. मास्तर म्हणाले, “म्हणजे चौथी शक्यता,” आणि तेही कोसळले. क्रिस्पीन उठला, टोपी डोक्यावर घातली, आणि बाहेर जाऊन धक्क्यावर बसला. त्याच्या पाठोपाठ कोवादोंगा गेली.

त्याचं ताट टेबलावर निवत होतं. थोड्या वेळाने ओब्दुलियाने डोळे पुसले, बशीत गरम मांदेली घेतली, वर लिंबू पिळलं, आणि तीही बाहेर गेली. मी दारातून पाहत होतो. ती त्याच्या शेजारी बसली, बशी दोघांच्या मध्ये ठेवली. त्याने आधी तोंड फिरवलं. मग एक मांदेली उचलली.

“रेशमी होतं बरं का,” तो म्हणाला. “पागोटं.”

“असेल हो दाजी,” ओब्दुलिया म्हणाली. “खा.”